आतल्या खाडीत कोण जातं?

नवी मुंबईला फिरायला म्हणून कोणी जात नाही. मी वर्ध्याची. आमच्याकडची माणसं तिकडे जातात ती मुलाच्या फ्लॅटची पूजा असली तर, नाहीतर दवाखान्याच्या कामाला. मी गेले ते खाडीतल्या पाण्याची बातमी किनाऱ्यावर का पोचत नाही हे बघायला. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, "मग काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "चिखल." तिला वाटलं मी चिडले आहे. चिडले नव्हते, दमले होते. पण जो चिखल पाहिला तो सांगण्यासारखा आहे, म्हणून आता सवडीने लिहायला घेतलं.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात फोन नव्हता. मावशीला निरोप द्यायचा तर आई आठवडी बाजाराची वाट बघायची. पण ती कुणाच्याही हाती निरोप देत नसे. जो माणूस न चुकता बाजाराला येतो आणि ज्याची वाट मावशीच्या गावावरून जाते, त्याच्याच हाती द्यायची. तो नाही भेटला, तर जो त्याला हमखास भेटेल त्याच्या हाती. निरोप उशिरा पोचायचा, पण पोचायचा.

आमच्या कॉलेजात आम्ही हेच यंत्रांना शिकवतो. जिथे मोबाईलचा भरवसा नाही तिथे पाणी मोजणारा एक खांब रोवायचा. जवळून जाणाऱ्या बोटीवर एक छोटा डबा बसवायचा. बोट खांबाजवळून गेली की खांब आपले आकडे डब्यात टाकतो. दोन बोटी जवळ आल्या की डबे आपसात बोलतात, आणि ज्या बोटीची धक्क्याकडे जाण्याची सवय जास्त तिच्याकडे आकडे जातात. धक्क्यावरच्या मोठ्या डब्याला इंटरनेट आहे, तिथून ते मला घरबसल्या मिळतात. कोण कधी कुठे जातो हे दोन-चार महिने बघून आमचा प्रोग्रॅम माणसांच्या सवयी शिकतो. उशीर चालतो, हरवलेलं चालत नाही.

आणि या वेळी हरवायचीच वेळ आली होती. खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्याने तक्रार केली होती की आतल्या खाडीत अधूनमधून कुठूनतरी काळं पाणी येतं आणि मासळी मरते. शुक्रवारी तिची सरकारी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होती. आदल्या आठवड्यात काळं पाणी येऊन गेलं होतं, म्हणजे पुरावा खांबाच्या पोटात होता. खांबाची स्मरणशक्ती मात्र आठ-दहा दिवसांची. त्यानंतर तो जुन्यावर नवं लिहितो. आणि नेमक्या त्याच दिवसांपासून आतल्या खाडीचा एकही आकडा माझ्याकडे आला नव्हता.

तुर्भे, सोमवार

गाडीतला प्रवास सांगत नाही. खिडकी मिळाली नाही, एवढंच.

डबे दुरुस्त करणारा कारखाना तुर्भ्याला होता, म्हणून लॉजही तिथलंच घेतलं. ही माझी पहिली चूक. खोलीच्या खिडकीखालून दिवसभर ट्रेलर मागे घेत होते, आणि प्रत्येक ट्रेलर मागे जाताना तीच एक धून वाजवत होता. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "म्याडम, दोन दिवसांत सवय होऊन जाईल, मग घरी झोप लागनार नाय." दोन दिवसांत सवय झाली नाही, पण घरी आल्यावर झोप लागेना हे मात्र खरं ठरलं.

कारखान्यात मी बरोबर आणलेले जास्तीचे डबे तपासून घेतले. तिथल्या मुलीने एकेक डबा उघडून दाखवला. काही बिघाड नव्हता. मला बिघाड हवा होता. बिघाड सापडला की माणसाला बरं वाटतं, तो काढून टाकता येतो. संध्याकाळी रस्त्यावर भजीपाव खाल्ला. आमच्याकडे भजी कढीशी खातात. इथे पावात दाबून, हिरवी चटणी लावून हातात देतात आणि पुढच्याकडे बघतात. उभ्याने खाल्ला, छान होता, पण बसायला मिळालं असतं तर आणखी छान लागला असता.

दिवाळे, मंगळवार

दिवाळ्याला शिरताना आधी वास येतो, मग गाव दिसतं. वाळत घातलेली सुकी मासळी, जाळ्यांचे ढीग, त्यामधून वाट काढणाऱ्या स्कूटी, आणि सगळ्यावर मान वर करून बघणारे पलीकडचे टॉवर. मासेमारी सोसायटीचं काम बघणारे नरेशदादा धक्क्यावर वाट बघत होते. पन्नाशीचे, गळ्यात चेन, हातात दोन फोन.

"म्याडम, टेन्शन नका घेऊ. डबे एकदम व्यवस्थित हाएत. आमी पूजा पन केलीय."

पूजा केली होती हे दिसतच होतं. पहिल्या बोटीवरचा डबा हळदीकुंकवाने माखला होता. दुसऱ्या बोटीवरचा, पाणी लागू नये म्हणून, पत्र्याच्या तेलाच्या डब्यात ठेवून वर झाकण घट्ट लावलं होतं. पत्र्यातून रेडिओ बाहेर कसा बोलणार? मी कपाळावर हात मारून घेतला. पण मनातून खूश झाले, कारण मला बिघाड सापडला होता. दुपारपर्यंत मी बोटीबोटीवर चढून डबे मोकळे केले. धक्का आणि बोट यांच्यामधलं अंतर इथल्या माणसांना दिसत नाही, मला ते विहिरीएवढं दिसत होतं. एकदा पाय घसरला तेव्हा नरेशदादांनी दंड धरून मला पोत्यासारखं वर ओढलं.

जेवायला त्यांनी बेबीताईंकडे नेलं. मूळ तक्रार त्यांची. साठीच्या आसपासचं वय, काटक बांधा, तळहात बारीक कापल्याच्या खुणांनी भरलेले. त्या मासे पकडत नाहीत, ओहोटीला आतल्या खाडीतल्या दगडांवरची कालवं फोडून आणतात आणि गावात विकतात. कालव म्हणजे शिंपल्यात राहणारा जीव, दगडाला एकदा चिकटला की जन्मभर तिथेच. आमच्याकडे जशा विहिरी आणि आंब्याची झाडं घराण्याची, तसे इथे दगड. सासूचे दगड सुनेला मिळतात, दुसरी बाई त्यांना हात लावत नाही.

पानात तांदळाची भाकरी आणि सुकट आली. मी विदर्भातली, मटण म्हणाल तर कधीही, पण मासळीला थोडी भिऊनच असते. सुकट चुरचुरीत होती, भीती गेली.

"आज तुमाला कालवांचा रस्सा घातला असता," बेबीताई म्हणाल्या. "पन कालवा नाय. दोन मैने झाले, घरात नाय. ह्या टायमाला तर पार वाट लागली."

"म्हणूनच आलेय मी," मी म्हटलं. "आकडे मिळाले की सुनावणीत दाखवता येईल."

"मागच्या टायमाला मी सांगितला सायबाला, पानी काला होतं, वास मारतं. तो बोलला, बाई, कागद हाय काय? आता मी कालवाच्या पोटातून कागद कुठून काढू?" त्या मुलीसारख्या खुदकन हसल्या आणि माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. "ह्या वेली पन कागद नाय ना, तर बंदच करतील ती केस. मंग कोन ऐकतं."

मी त्यांना सांगितलं की डबे मोकळे केलेत, उद्यापर्यंत आकडे येतील. असं ठामपणे सांगायला नको होतं. संध्याकाळी बोटी परत आल्या, डबे एकमेकांशी भरपूर बोलले, बाहेरच्या खाडीतल्या खांबांचे आकडे धो धो आले. आतल्या खाडीचा एकही नाही.

द्रोणागिरी, बुधवार

बुधवारी उरणजवळच्या द्रोणागिरीला जाणं आधीच ठरलेलं होतं. तिथल्या गोदामांत येजा करणाऱ्या ट्रेलरवरही आमचे डबे आहेत, आणि ते सगळं बघणारे सलीमभाई दरवेळी वेळेवर माहिती पाठवतात. मला वाटलं, जिथे नीट चाललंय तिथे बघून काहीतरी कळेल. खरं म्हणजे दिवाळ्याला बेबीताईंना तोंड दाखवायचं नव्हतं.

द्रोणागिरीला रस्ते रुंद, सरळ आणि ट्रेलरांनी भरलेले. ट्रेलर चालताना क्वचित दिसतात, रांगेत उभे असलेले बहुतेक. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून जेवण करतात, केस कापून घेतात, घरी व्हिडिओ कॉल लावतात. हे लोक सतत एकमेकांजवळ असतात, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने ते जिवलग मित्र आहेत असं ठरवून टाकलं होतं. त्यातले दोघे एका पाण्याच्या कॅनवरून भांडताना मी स्वतः पाहिले. एकाने डबा लिंबू-मिरचीशेजारी बांधला होता. दुसरा तो उशाला घेऊन झोपत होता. तरी आकडे पोचत होते.

सलीमभाई मूळचे उरणकडचे, कोकणी मुसलमान. वडिलांची भातशेती होती, आता स्वतःच्या चार गाड्या आहेत. "म्याडम, जेवल्याशिवाय जायचं नाही," हे त्यांनी मला पाहिल्या पाहिल्या सांगितलं. त्यांच्या घरी तांदळाच्या पातळ भाकऱ्या, सुकं मटण, आणि शेवटी भाभींनी सांदणं दिली, तांदळाची, नारळाच्या दुधातली, वाफवलेली आणि गोड. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना "घ्या हो, घ्या हो" असा आग्रह चालतो. भाभींनी काही न विचारता ताटात दोन वाढली आणि मी ती संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा मला बसून, पंख्याखाली, कोणी घाई न करता जेवायला मिळालं. मला तिथेच आडवं व्हावंसं वाटत होतं.

हात धुताना मी सलीमभाईंना आतल्या खाडीचं रडगाणं सांगितलं. डबे ठीक, खांब ठीक, बोटी ठीक, मग आकडे जातात कुठे?

"त्या बाजूला बोटी जातात?" त्यांनी विचारलं.

"रोज. चार महिन्यांचा हिशेब आहे माझ्याकडे."

"आत्ता जातात?"

मी नळ बंद केला.

"नाही म्हणजे, आमच्या लाईनीत काय होतं बघा," ते टॉवेल पुढे करत म्हणाले. "रस्त्यावर काही राडा झाला, गाडी पलटी झाली, तर पाच मिनिटांत फोन फिरतात. सगळे दुसऱ्या रस्त्याने. त्या रस्त्यावर मग एकपण गाडी नाही. तिकडे जाते फक्त क्रेन."

बस. एवढंच होतं ते. पाणी काळं झालं की मासळी पळते, मासळी पळाली की बोटी दुसरीकडे जातात. म्हणजे ज्या दिवशी खांबाजवळ सांगण्यासारखं काही असतं, नेमक्या त्याच दिवशी ऐकायला तिथे कोणी नसतं. मी चार महिने माणसांच्या चांगल्या दिवसांच्या सवयी शिकून ठेवल्या होत्या. वाईट दिवशी माणसं काय करतात हे विचारलंच नव्हतं. यात काही फार मोठी अक्कल लागत नव्हती आणि म्हणूनच मला स्वतःचा राग आला. टॉवेलबद्दल आभार मानून निघाले.

संध्याकाळी दिवाळ्याला पोचले तेव्हा धक्क्यावर जाळी झटकणं चाललं होतं. नरेशदादांना गाठून मी म्हटलं, "दादा, उद्या एक बोट आतल्या खाडीत न्या. खांबाजवळ थोडा वेळ उभी केली की झालं."

त्यांनी फोन खिशात ठेवला. काहीतरी अवघड सांगायचं असलं की ते फोन ठेवतात. "उद्या नाय होनार म्याडम. भांग हाय. पानीच नाय चढत आत. बोट चिखलात बसंल, मंग बसा तिकडंच. उधानाला नेतो ना, पुढच्या आठवड्यात. शंभर टक्के."

अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी येते, ते उधाण. मधल्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. पुढच्या आठवड्यापर्यंत खांब जुनं पुसून नवं लिहिणार होता, आणि सुनावणी परवा होती.

"मग पायी कोणी जाऊ शकतं का?"

"तिकडं? पायी?" नरेशदादा हसले. "काला पानी आल्यावर तिकडं कोन नाय जात."

"मी जातेय ना," मागून आवाज आला. बेबीताई कालवांची पाटी धुवत बसल्या होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"तुम्ही? आतल्या खाडीत?"

"मंग? पानी काला झाला की बोटी पलतात, मासली पलते. माजे दगड कुठं पलतात? मी रोज जाऊन बघतेय काय राह्यलं काय नाय. काल पन गेलेली."

काल. म्हणजे त्यांच्या घरची सुकट खाण्याआधी मी बोटींवर चढउतार करत होते, तेव्हा त्या खांबाजवळून जाऊन आल्या होत्या, हातात रिकामी पाटी घेऊन.

"मग तुमच्याकडे डबा का नाही?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण दोघीतिघी बायका बघायला लागल्या.

बेबीताईंनी पाटी उलटी करून पाणी झटकलं. "डबे बोटीला दिले तुमच्या लोकांनी. माजी कुठं बोट हाय?"

नरेशदादांनी फोन परत बाहेर काढला आणि त्यात काहीतरी शोधू लागले.

आतली खाडी, गुरुवार

सकाळी बेबीताईंनी माझ्या सँडलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे घरी ठेव." मी ऐकलं नाही. रिक्षाने बांधाच्या तोंडापर्यंत गेलो, तिथून बांधावरून चालत. एका बाजूला तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, दाट हिरवी भिंत, दुसऱ्या बाजूला पत्रे ठोकून बंद केलेला कुणाचा तरी प्लॉट. त्यांच्या पाटीत कोयती, पाण्याची बाटली आणि लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला माझा डबा. मी तो बरोबर चालू केला आहे ना, हे चारदा बघितलं.

"भांगाला सुकती पुरी नाय होत," त्या म्हणाल्या. सुकती म्हणजे ओहोटी. "पन दगडांची डोकी उघडी पडतात. तेवढा पुरे."

बांध संपला आणि चिखल सुरू झाला. दहा पावलांत माझी एक सँडल गेली. वर आलीच नाही. पावसात आमच्याकडची काळी माती अशीच पाय धरून ठेवते, पण तिच्यात तळ लागतो. इथे तळ लागत नव्हता. मी पाय उपसायला गेले आणि बसकण मारली, थेट कमरेपर्यंत.

बेबीताई मागे फिरल्या. "पाय उचलू नको. उचलला की खोल जातो. सरकव. ह्यो बघ, असा. घाई नको करू, चिखल कुठं जात नाय."

मला 'तू' म्हणायला त्यांनी कधी सुरुवात केली ते माझ्या ध्यानात आलं नाही. ऐकायला बरं वाटलं. कॉलेजात मला तू म्हणणारं आता कोणी उरलं नाही.

खांब तिवरांच्या पलीकडे होता, मळकट पिवळा, चारचौघांत उगाच उभ्या असलेल्या माणसासारखा. आम्ही जवळ पोचलो आणि पाटीतल्या लुगड्यातून हिरवा दिवा लुकलुकला. खांब बोलायला लागला. मी एवढी दमले होते की आनंद व्हायलासुद्धा थोडा वेळ लागला.

"किती वेल लागंल?" त्यांनी विचारलं.

"बराच साठलाय त्याच्याकडे. थोडं थांबू."

"मंग मी बघून येते." डबा असलेली पाटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि कोयती घेऊन दगडांकडे सरकत गेल्या.

पाणी आता काळं नव्हतं. नेहमीचं गढूळ होतं, काही झालंच नाही असं. दगडांची डोकी ओळीने उघडी पडली होती. बेबीताई एकेका दगडापाशी थांबत, कोयतीच्या टोकाने शिंपला टोचत आणि पुढे जात. जिवंत कालव शिंपला घट्ट मिटून धरतं. इथले सगळे शिंपले उघडे होते, आत चिखल भरलेला. वास असा होता की मी पदर नाकाला लावला, मग लाज वाटून काढला.

"हे सासूचे," त्या लांबून म्हणाल्या. "हे तिकडचे तीन, मी लगीन होऊन आल्यावर आमच्या मानसाने आनून टाकले. दोघांनी. होडीतून. तेव्हा होती होडी."

  मला रडू आलं. थकव्याने आलं की त्या उघड्या शिंपल्यांनी, ते सांगता येत नाही. तिवरांच्या वर टॉवरच्या काचेच्या गॅलऱ्या दिसत होत्या, एकीत कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. तिथून आम्ही दोघी दिसत असू तर दोन ठिपके दिसत असू.

बेबीताईंनी शेवटचा दगड बघितला. त्याच्यावर तळहात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मग परत आल्या. "नाय काय. एक पन नाय." दिवा स्थिर झाला होता. "झाला काय तुजा?"

"झालं."

"चल मंग. पानी फिरंल आता."

शुक्रवार

आकडे गुरुवारी संध्याकाळीच धक्क्यावरून उतरवले. दोन रात्री पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपलेला, मग हळूहळू परत आलेला. लहान मुलालाही कळेल असा आलेख होता, एक रेघ खड्ड्यात पडते आणि रांगत वर येते.

सुनावणीची खोली थंडगार होती. अधिकारी चिडके नव्हते, तरुण होते, त्यांनी आलेख नीट पाहिला. मग त्यांनी विचारलं ते योग्यच होतं. "यंत्र बिघडूही शकतं. त्या दिवसांत प्रत्यक्ष पाणी कोणी पाहिलं? कोणत्या बोटीवरून?"

नरेशदादा खाकरले. "साहेब, त्या दिवसांत बोटी तिकडं जात नाहीत."

"म्हणजे कोणीच पाहिलं नाही."

"मी बघितला," बेबीताई म्हणाल्या. त्या मागच्या खुर्चीवर होत्या, नवं लुगडं नेसून. "रोज."

"तुमची बोट कोणती?"

"बोट नाय. पायी."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे, मग आलेखाकडे पाहिलं. "पायी" हा शब्द त्यांनी टाईप करणाऱ्या बाईला सांगितला आणि तो तिने टाईप केला. केस बंद झाली नाही. आतल्या खाडीत येणाऱ्या सगळ्या नाल्यांची तपासणी व्हावी असा आदेश निघाला आणि पुढची तारीख पडली. बाहेर नरेशदादा खूश होते, सगळ्यांना सरबत पाजलं. बेबीताईंनी ग्लास संपवला आणि मला विचारलं, "आता त्या तारखेपर्यंत पानी काला नाय होनार?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "होऊ शकतं."

"हां," त्या म्हणाल्या आणि ग्लास खाली ठेवला.

निघताना मी डबा परत मागितला नाही. त्यांच्या पाटीत अडकवता येईल अशी एक पिशवी शिवून दिली आणि आणखी चार बायकांना डबे दिले.

वर्धा

घरी येऊन झोप लागायला बरेच दिवस लागले. कॉलेज सुरू झालं, पेपर तपासायला आले. रोज सकाळी चहा घेताना मी डब्यांच्या वाटा दाखवणारा खाडीचा नकाशा उघडते. बोटींच्या रेघा उघडझाप करत असतात, आज इकडे, उद्या तिकडे. आतल्या खाडीत मात्र एक बारीक रेघ जाते आणि परत येते, इतक्या सावकाश की प्रोग्रॅमने दोनदा मला विचारलं, ही वाहक फार हळू आहे, वगळू का? मी नाही म्हटलं. तपासणी झाली असं कळलं, काय सापडलं ते अजून कळलं नाही. मध्ये एकदा पाणी पुन्हा थोडं बिघडलं होतं. बोटी पळाल्या. रेघ गेली आणि आली.

मला ते बघवेना. तिकडे काही उरलेलं नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या आकड्यांसाठी या बाईने रोज कमरेएवढ्या चिखलातून का जावं? एक दिवस फोन केला. म्हटलं, "बेबीताई, डब्यासाठी नका हो जाऊ इतक्या लांब. उधाणाला बोटी जातील तेव्हा येतील आकडे. मला उशीर चालतो."

"डब्यासाठी कोन जातंय?" त्या म्हणाल्या. मागे कोंबडी ओरडत होती. मग त्यांनी आवाज बारीक केला, मी वर्ध्याला होते तरी. "दोन बसलीत."

"काय?"

"कालवा. नवीन. सासूच्या दगडावर, मागल्या अंगाला. नखाएवढी हाएत. कोनाला सांगू नको, नरेशला पन नको. नजर लागंल."

मी कोणाला सांगितलं नाही. अहवालात लिहिलं नाही, कॉलेजातही बोलले नाही. नकाशावर रोज ती रेघ दगडापर्यंत गेलेली बघायची, थोडी थांबलेली बघायची आणि चहा संपवायचा. परवा त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, आता चांगली घट्ट धरून बसलीत, आणि शेजारी आनखी आलीत, आता सांग कोनाला सांगायचं ते.

म्हणून सांगते आहे.